मोडीतल्या भांड्यांची बाग

घरातील एखादे भांडे निकामी झाले, हा निर्णय आपल्या आजीच्या पिढीत एका दिवसात कधी होत नसे. बादली गळू लागली की तिला प्रथम डाग दिला जाई. डाग टिकेनासा झाला की ती न्हाणीघरातून परसात येई; पाणी राहत नसले तरी तिच्यात राख राही, कोळसा राही. त्याही कामाची ती उरली नाही म्हणजे तिच्यात माती भरली जाई आणि मग कढीपत्त्याचे नाहीतर अबोलीचे एखादे रोप तिच्या आश्रयाला येई. सेवानिवृत्त माणसाने नातवंडांत रमावे, तशी ती बादली आपले उरलेले आयुष्य हिरव्या पानांच्या सहवासात काढी.

ही साखळी आता तुटली आहे. भांडे स्वयंपाकघरातून निघते ते थेट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते, आणि त्याच आठवड्यात गॅलरीची शोभा म्हणून प्लास्टिकच्या नव्याकोऱ्या कुंड्या विकत आणल्या जातात. काटकसर हा शब्द उच्चारला की नव्या पिढीला तो कंजुषीचा सख्खा भाऊ वाटतो. वस्तूची शेवटची शक्ती वापरून घेणे हा मात्र वस्तूविषयीच्या आदराचाच भाग होय, असे आम्ही मानतो. तुटलेल्या साखळीचा हा अखेरचा दुवा पुन्हा कसा जोडता येईल, आणि मुख्य म्हणजे तो डोळसपणे कसा जोडावा, याविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत, हा या लेखाचा हेतू आहे. डोळसपणे अशासाठी, की केवळ हौसेने भरलेल्या डब्यात रोप मरते आणि कधीकधी शेजाऱ्याचे मूलही आजारी पडते.

वृंदावन आणि डबा

हैदराबादेतील मराठी वस्ती म्हटली की इसामिया बाजार, सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा ही नावे ओठांवर येतात. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा शिक्षणासाठी, नोकरीसाठी, वकिलीसाठी आपली माणसे येथे आली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा वेगळा झाला, तरी कितीतरी घरे येथेच राहिली. त्यांच्या वाड्यांतून चौक असत आणि चौकात तुळशीवृंदावन असे. वृंदावन म्हणजे घराचा कुटुंबप्रमुखच. ते विटा-चुन्यात बांधलेले, जमिनीत पाय रोवून उभे राहिलेले, त्यामुळे जागचे हलत नसे.

वाडे मात्र हलले. भाऊबंदांत वाटण्या झाल्या, रस्ते रुंद झाले, इमारती उठल्या आणि कुटुंबे दिलसुखनगर, कुकटपल्ली, मलकाजगिरी अशा दूरच्या वस्त्यांतून दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत गेली. वृंदावन उचलून नेणे कोणालाच शक्य नव्हते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या बाईने काय केले असेल? तुळशीच्या बुडाशी आपोआप उगवलेले एखादे बोटभर रोप मातीसकट उचलले आणि हाताशी होता त्या डब्यात लावले. तो डबा बहुधा डालड्याचा असे. १९३७ साली बाजारात आलेल्या या वनस्पती तुपाचा पिवळा, ताडाच्या झाडाचे चित्र असलेला डबा पुढे कित्येक वर्षे घराघरांत होता. तूप संपल्यावर त्यात डाळ भरली जाई आणि डाळीच्या कामाचा उरला नाही की तुळस. पुढे त्या डब्यांची जागा प्लास्टिकच्या बरण्यांनी आणि पिशव्यांनी घेतली. तरीही चौकातली तुळस तिसऱ्या मजल्यावर चढली ती या मोडक्या डब्याच्या खांद्यावर बसूनच, हे विसरून चालणार नाही. वृंदावनाने घराची परंपरा उभी केली, डब्याने ती घरातून घरात नेली.

एका छिद्राचे अंतर

परंतु डब्याची थोरवी गाताना त्याचे दुसरे रूपही सांगितले पाहिजे. उघड्यावर पडलेला, बुडाला भोक नसलेला डबा म्हणजे पावसाळ्यात डासांचे प्रसूतिगृह होय.

हा विषय हैदराबादकरांना तरी परका नसावा. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात असतो, हे सर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी प्रथम पाहिले, ते आपल्या सिकंदराबादेत. पुढे १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाची संस्था आजही बेगमपेठेत उभी आहे. हिवतापाचा डास वेगळा आणि आज ज्याची धास्ती आहे त्या डेंगीचा डास वेगळा. डेंगीचा डास, ज्याला एडिस म्हणतात, तो दिवसा चावतो आणि घरातील व घराभोवतीच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. फुलदाणी, कूलर, टायर, नारळाची करवंटी, कुंडीखालची ताटली, यांतले काहीही त्याला पुरते. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. यास्तव ताटलीतले पाणी नुसते ओतून भागत नाही. ती आठवड्यातून एकदा काथ्याने घासली पाहिजे. हा डास फार दूर उडत नाही. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुतेक वेळा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या घरचा असतो.

२०२० सालच्या मे महिन्यात शहरात एक मोहीम निघाली होती: दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटे प्रत्येकाने आपल्या घरातील साचलेले पाणी शोधून ओतून टाकावे. मोहिमा येतात आणि जातात, परंतु ही सवय कायमची लावून घेण्याजोगी आहे. ज्याच्या गच्चीवर दहा डबे आहेत, त्याच्यासाठी तर तो धर्मच होय.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. टाकलेला डबा आणि कुंडी यांत अंतर असते ते एका छिद्राचे. छिद्र नसेल तर तोच डबा रोपाचे मूळ कुजवतो आणि डास वाढवतो. छिद्र असेल तर तोच डबा तुळस वाढवतो.

छिद्र पाडण्याची रीत

पत्र्याच्या पंधरा लिटरच्या तेलाच्या डब्याला करंगळीएवढी पाच-सहा छिद्रे पुरेशी होतात. ती मोठ्या खिळ्याने आतून बाहेर पाडावीत. बाहेरून आत ठोकल्यास पत्र्याची कड आत वळते, छिद्राभोवती बांध तयार होतो आणि तळाशी बोटभर पाणी तुंबून राहते. डबा लाकडी ओंडक्यावर ठेवून ठोकल्यास बूड चेमटत नाही. आणखी दोन छिद्रे तळापासून बोटभर उंचीवर, बाजूच्या भिंतीत पाडली म्हणजे बूड जमिनीला टेकले तरी पाण्याला वाट राहते. डब्याची वरची कापलेली कड पकडीने आत दुमडून ठोकून घ्यावी. घरात लहान मुले असतील तर या कामात आळस करू नये. प्लास्टिकच्या बादलीला तापवलेल्या खिळ्याने छिद्र पडते, मात्र ते काम उघड्या हवेत करावे, कारण तो धूर चांगला नसतो.

तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर द्यावा, असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी सहजासहजी जाड खडीत उतरत नाही. ते मातीच्या खालच्या थरात अडकून बसते. खडी घातल्याने तो ओला थर नाहीसा होण्याऐवजी उलट वर सरकतो, आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा तेवढी कमी होते. म्हणून छिद्रावर खापरीचा एखादा तुकडा किंवा नारळाच्या काथ्याची गुंडाळी ठेवावी, माती वाहून जाणार नाही एवढेच पाहावे आणि वर सारी मातीच भरावी.

आमच्या वर्गात हा धडा आम्ही स्पंजाने शिकवतो. भिजवलेला स्पंज आडवा धरला की थोडे पाणी गळते आणि थांबते. तोच स्पंज उभा करताच पुन्हा धार लागते. पाणी तेच, स्पंज तोच, उंची तेवढी बदलली. उथळ परातीतली माती चिखलासारखी का राहते आणि उंच डब्यातली माती लवकर का निथळते, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात.

कोणत्या भांड्यात काय

भांड्याची खोली पाहून रोप निवडावे. फुटक्या परातीत, वेळणीत किंवा तळ गेलेल्या कढईत कोथिंबीर, मेथी आणि माठ उत्तम येतात. या भाज्यांचे मूळ खोल जात नाही आणि तीन-चार आठवड्यांत त्या कापणीला येतात. पाणी मात्र बेताने घालावे. जुन्या प्रेशर कुकरमध्ये मिरचीचे एक रोप सुखाने वाढते, आणि त्याचा दांडा धरून ते उन्हातून सावलीत नेता येते, ही सोय कोणत्याही विकतच्या कुंडीत नाही. तेलाच्या डब्यात तुळस, वांगे, टोमॅटो, गवती चहा लावावा. ज्याला आपण अंबाडी म्हणतो आणि आपले तेलुगू शेजारी गोंगुरा म्हणतात, ती भाजीही त्यात चांगली फोफावते. कढीपत्ता आणि लिंबू यांना मोठी बादली किंवा पिंप हवे. फुटका रांजण उभा चिरला नाही तर त्यात मोगरा शोभून दिसतो. घराची दुरुस्ती करताना काढून टाकलेले हात धुण्याचे बेसिन तर आयतीच कुंडी आहे, कारण छिद्र पाडूनच ते जन्माला आलेले असते.

रोपे तयार करण्यासाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खाली दोन टोके कापून वापराव्यात. त्याहून सुबक म्हणजे नारळाची करवंटी. तिला निसर्गानेच तीन डोळे दिले आहेत आणि त्यांतला एक मऊ असतो. तो सुईने टोचला की छिद्र तयार. तुळशीचे बी करवंटीत पेरून, रोप चार पानांचे झाले म्हणजे ते डब्यात हलवावे.

तांब्या-पितळेची गोष्ट निराळी. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात घर बदलताना घंगाळावरून वाद झाला. मुलाचे म्हणणे असे, की बंब गेला, चूल गेली, आता या पाच-सात किलोंच्या घंगाळाचे करायचे काय? बेगम बाजारात मोडीत घालावे. आईचे म्हणणे असे, की यातल्या पाण्याने तुला न्हाऊमाखू घातले आहे. तुळस लावण्यासाठी त्याला भोक पाडावे, अशी तडजोड सुनेने सुचवली, तर आईच्या डोळ्यांत पाणी आले. तोडगा अगदी सोपा होता. घंगाळाला धक्का न लावता आत एका विटेवर तुळशीचा डबा ठेवला आणि निथळलेले पाणी दर दोन दिवसांनी काढून टाकण्याचे काम नातीकडे दिले. यात केवळ भावनेचा मान राखला गेला असे नव्हे. तांब्याचा संसर्ग कोवळ्या मुळांना मानवत नाही. रोपवाटिकांतून मुळांची वाढ रोखण्यासाठी कुंड्यांना आतून तांब्याच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धतच आहे. तेव्हा तांब्याचा हंडा असो वा पितळेचे घंगाळ, आत दुसरी कुंडी ठेवणे हेच शहाणपणाचे.

काय वर्ज्य करावे

कीटकनाशकाचे, आम्लाचे, फिनेलचे आणि गाडीच्या तेलाचे डबे कितीही धुतले तरी खाण्याच्या वनस्पतींसाठी वापरू नयेत. रंगाच्या जुन्या डब्यांचेही तसेच. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. असा डबा घरात असेलच तर त्यात शोभेचे रोप लावावे, पालक लावू नये. जुमेरात बाजारातून जुनी भांडी स्वस्तात आणणाऱ्यांनी तर त्यांत पूर्वी काय होते, हे अवश्य विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर त्यांत फुलझाडच बरे. गंजाचे मात्र भय बाळगू नये. लोखंडाचा गंज रोपाला बाधत नाही. तो डब्यालाच खातो आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर डबा बदलावा लागतो, एवढेच.

माती, वजन आणि ऊन

आपल्यापैकी अनेकजण गावाकडे गेले की शेतातली काळी माती पिशवीत बांधून आणतात. त्यामागील भावना आम्हास पूर्णपणे मान्य आहे. तथापि मराठवाड्याची काळी माती शेतात लक्ष्मी असली तरी डब्यात रुसते. ओली झाली की ती फुगते आणि चिकट होते. वाळली की आक्रसून डब्याची भिंत सोडते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मुळे तहानलेलीच राहतात. म्हणून गावची माती ओंजळभर घालावी, आशीर्वादापुरती. बाकी एक भाग येथील तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा अथवा सुक्या पानांचा चुरा, हे मिश्रण हलके राहते.

हलकेपणा येथे चैनीचा विषय नाही. पंधरा लिटरच्या डब्यातील नुसती माती भिजली म्हणजे तिचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास जाते. असे वीस डबे म्हणजे पाचशे किलो. डबे गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या आणि तुळयांच्या रेषेवर, विटांवर उचलून ठेवावेत. त्यामुळे खाली ओल धरत नाही आणि इमारतीतील इतर रहिवाशांशी वादही उद्भवत नाहीत. कठड्यावर डबा कधीही ठेवू नये. वाऱ्याला आपपरभाव नसतो.

मातीचा भार कमी करून पालापाचोळ्यावर भिस्त ठेवण्याचा मार्ग मराठी माणसानेच दाखवला आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' या चळवळीतून सामान्य माणसाला निसर्गाचा अभ्यासक बनवले. काडीकचरा आणि वाळलेली पाने यांतून उत्कृष्ट माती घडवता येते आणि ती थोड्याशा जागेत भरपूर देते, हा त्यांचा आग्रह होता. २००१ साली ते निवर्तले. त्यांच्या विचाराने भारलेल्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील कचरा जिरवून बाग फुलवली आणि मुंबईतील कित्येकांना ही वाट दाखवली. भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा यांतून डब्यातच माती तयार होते, तेव्हा भांड्याबरोबर त्यातल्या अन्नाचेही चक्र पूर्ण होते.

हैदराबादचा एप्रिल-मे मात्र कोणाचीच भीड ठेवत नाही. पारा चाळीस अंशांच्या वर गेला की पश्चिमेच्या उन्हात पत्र्याचा डबा तव्यासारखा तापतो आणि भिंतीलगतची मुळे अक्षरशः भाजतात. मातीची कुंडी बाहेरून पाझरते, म्हणून माठातल्या पाण्यासारखी थंड राहते. पत्र्याला ती विद्या नाही. उपाय तीन आहेत. डब्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. त्याभोवती गोणपाट गुंडाळून ते सकाळ-संध्याकाळ भिजवावे. आणि डबे एकमेकांना खेटून ठेवावेत, म्हणजे एकाची सावली दुसऱ्याला मिळते. पाणी बोअरचे असेल तर त्यातील क्षार मातीवर पांढरी बुरशी धरल्यासारखे साठतात. पहिल्या पावसात डबे उघड्यावर ठेवून ते चांगले धुऊन निघू द्यावेत.

मुलांच्या हाती

आमची शाळा सरकारी. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकातून तेलाचे रिकामे डबे नियमाने निघतात. शाळाशाळांतून परसबागा असाव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या. परंतु शहरातील कित्येक शाळांना परसच नाही, आहे ती फरशी. त्या फरशीवर आम्ही हे डबे मांडले. एकेका डब्यावर दोन-दोन मुलांची नावे आहेत. छिद्रे पाडताना भूमिती येते, मिश्रण करताना गुणोत्तर येते आणि रोप सुकले की जबाबदारी म्हणजे काय ते येते. शनिवारी ताटल्या घासण्याची पाळी असते. मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले एकाच अंबाडीला तीन नावांनी हाक मारतात आणि अंबाडी तिघांनाही पाने देते. एका मुलाच्या घरी पाण्याचे पिंप नेहमी उघडे असे. त्याने आईच्या मागे लागून त्यावर कापड बांधायला लावले, तेव्हा हा उपक्रम भाजीपुरता राहिला नाही, याची आम्हास खूण पटली.

संत सावता माळी यांना आपल्या मळ्यातच विठ्ठल भेटला, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आता मळा नाही, परस नाही, चौकही नाही. चार फूट गॅलरी आहे आणि तीत दुपारपर्यंत येणारे ऊन आहे. तेवढ्याने भागण्यासारखे आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचकांनी आपल्या घराची एक फेरी मारावी. माळ्यावर, गॅलरीत, जिन्याखाली काय काय पडून आहे ते पाहावे. ज्यात पाणी साचले असेल ते ओतून, घासून पालथे घालावे. त्यांतले एखादे बऱ्यापैकी भांडे निवडून त्याला आतून बाहेर छिद्र पाडावे आणि शेजारच्या वहिनींकडून तुळशीचे रोप मागून आणावे. कार्तिकात तुळशीचे लग्न येते. आषाढ-श्रावणात लावलेले रोप तोवर मंडपात उभे राहण्याएवढे सहज होते. भंगारवाल्याला एक डबा कमी मिळाला, तर त्याची समजूत आम्ही घालू.